"जग तुमचंच आहे" म्हणे! आधी नॉन-क्रिमीलेअर काढा

सेतूवाला
काल आमच्या गल्लीच्या ग्रुपवर एका सद्गृहस्थांची पोस्ट आली. "प्रिय बारावीच्या मुलांनो, टक्के म्हणजे आयुष्य नव्हे. मोठी स्वप्नं बघा, मनाचं ऐका, भीती सोडा. जग तुमचंच आहे." खाली हात जोडलेल्यांची रांग. गल्लीत राहायचंय म्हणून तिथं गप्प बसलो. इथं बोलतो.

लातूर जिल्ह्यात तालुक्याच्या गावी माझं ई-सेवा केंद्र आहे. 5 मे 2025 ला बारावीचा निकाल लागला तेव्हापासून दुपारचं जेवण चारला होतंय. राज्याचा निकाल 91.88 टक्के, आमचा विभाग 89.46 वर, नऊ विभागांत तळाला. आणि आमच्या अभ्यासाच्या 'लातूर पॅटर्न'चा डंका राज्यभर! असो, तो वेगळा धागा.

माझ्या काउंटरवर येणारं पोरगं कसं असतं ऐका. सीईटीला, म्हणजे प्रवेश परीक्षेला, पर्सेंटाइल झकास. नॉन-क्रिमीलेअर, म्हणजे आरक्षणासाठी लागणारा घर फार सधन नसल्याचा दाखला, काढलेला कधी, तर अकरावीला, मुदत संपलेली. आधारवर नाव एक, टीसीवर दुसरं. घरचं उत्पन्न विचारलं की "पप्पांना फोन लावतो". पप्पा पुण्यात वॉचमन, ड्युटीवर फोन उचलत नाहीत. मुलींना 2024-25 पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ आहे, उत्पन्न 8 लाखांच्या आत हवं, हे कित्येकींना माझ्याकडे आल्यावर कळतं. आणि हे म्हणतात मनाचं ऐका. मन काय सांगणार, तहसीलला कुठल्या खिडकीवर उभं राहायचं ते?

शुभेच्छा देणाऱ्यांनी एकदा एका पोराची फाईल चाळून बघावी. मग टाका पोस्ट.

खडूफळा
तुमची चिडचिड समजते, पण बारावीच्या वर्गावर मी आयुष्य काढलंय. माझ्या वर्गात एक मुलगा होता, 48 टक्के. कागद सगळे होते हो, आई अंगणवाडीत, तिनं ट्रंकेत नीट जपलेले. पण निकालानंतर तो पंधरा दिवस घराबाहेर पडला नव्हता. मी घरी गेले. म्हटलं, तुझ्या जर्नलमधल्या आकृत्या अख्ख्या कॉलेजात कुणाच्या नव्हत्या, आयटीआयला ड्राफ्ट्समन सिव्हिल कर. आज त्याचं स्वतःचं नकाशे काढायचं ऑफिस आहे. त्याला दाखला नको होता, कुणीतरी तोंडावर "तुला जमेल" म्हणायला हवं होतं. शब्दांना इतकं स्वस्त समजू नका.

सेतूवाला
बाई, तुम्ही त्याला ट्रेडचं नाव सांगितलंत. 'जग तुझंच आहे' म्हणून परत नाही आलात. म्हणजे तुम्ही माझ्याच बाजूच्या.

खडूफळा
मी कुठल्या बाजूची ते मी ठरवीन.

कृष्णाकाठ
दोघांचंही चुकतंय. मुलांना ना भाषण हवं ना दाखला, काम हवं. आम्ही साताऱ्याला 'कमवा आणि शिका'त शिकलो. पहाटे शेतात खुरपायचं, मग वर्ग. कर्मवीरांनी 1919 साली रयत काढली ती काय फुकट वाटायला? हाताला घट्टे पडले, पण कुणापुढे हात पसरला नाही. आता बारावी झालेला घोडा आईला म्हणतो चहा दे.

एडिसनकर
+१. इथं न्यू जर्सीत सोळाव्या वर्षी पोरं दुकानात काम करतात, डॉक्टरांचीही करतात. भारतात मध्यमवर्गाला लाज वाटते.

बार्शीलाइट
एडिसनकर, तिथल्या दुकानात तासाचे किती मिळतात आणि बार्शीच्या कापड दुकानात महिन्याचे किती मिळतात, एवढं सांगून मग लाजेवर बोला.

आणि कृष्णाकाठ काका, तुमच्या काळात खुरपून फी निघायची. आता शनिवार-रविवार राबून पुण्यातल्या मेसचं बिल तरी निघतं का, विचारा कुणाला. सरकारनेही 2024 साली 'युवा कार्य प्रशिक्षण' काढलं, बारावी पासला महिना 6000. माझा भाचा लागला होता एका कार्यालयात. झेरॉक्स काढल्या, साहेबांसाठी वडापाव आणले, मुदत संपली, घरी आला. मिळालं काय? प्रमाणपत्र. आता तो पोलीस भरतीसाठी पळतोय. आणि तुम्ही त्याला घोडा म्हणताय!

कृष्णाकाठ
तुमच्या भाच्याला मी घोडा म्हटलं नाही. पण टोपी बसली असेल तर माझा इलाज नाही. वडापाव आणण्यातही शिकायला मिळतं.

बार्शीलाइट
काय शिकायला मिळतं ते सांगाच! चटणी वेगळी बांधून आणायची, हे? तुमची पिढी निवृत्ती वेतन घेते आणि आम्हाला घट्ट्यांची महती सांगते.

कृष्णाकाठ
निवृत्ती वेतनावर घसरलात म्हणजे मुद्दे संपले.

बारावीझालीएकदाची
नमस्कार. मी यंदाच बारावी झालेय, ज्यांच्यावर तुम्ही भांडताय त्यांच्यातली. ओबीसी, सीईटी दिली आहे. काल एका खासगी विद्यापीठातून फोन आला, मुलींना फी माफ आहे, आजच दहा हजार भरून सीट पक्की करा. भरू का? आणि उत्पन्नाचा दाखला एका वर्षाचा आहे, तो चालेल का?

एडिसनकर
शाब्बास! अशा मुली बघितल्या की उमेद वाटते. All the best ऐवजी मराठीतच म्हणतो, यशस्वी भव!

सेतूवाला
झालं, हे आलेच आशीर्वाद घेऊन.

पोरी, एक रुपया भरू नकोस. माफी कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून, प्रवेश घेतलास तरच. मॅनेजमेंट कोट्याला नाही, खासगी विद्यापीठाला तर नाहीच. माफ होते ती शिक्षण आणि परीक्षा फी, वसतिगृह-मेसचे पैसे घरात वेगळे धरायला सांग. फी माफीला एका वर्षाचा दाखला चालेल, नॉन-क्रिमीलेअरला तीन वर्षांचा लागतो. आणि नॉन-क्रिमीलेअरवर '31 मार्च 2026 पर्यंत वैध' आहे का ते बघून घे. व्हॅलिडिटी आहे ना?

बारावीझालीएकदाची
जातीचा दाखला आहे. व्हॅलिडिटी म्हणजे तोच ना?

कृष्णाकाठ
बघा! बारा वर्षं शिकून एवढं माहीत नाही. हीच तर आमची तक्रार.

खडूफळा
कृष्णाकाठ, जरा गप्प बसा. तिला कुणी सांगितलं होतं का कधी?

बाळ, तो वेगळा. प्रांत अधिकारी देतात तो जातीचा दाखला. व्हॅलिडिटी जिल्ह्याची जात पडताळणी समिती देते. सायन्सवाल्यांचे अर्ज कॉलेजातून बारावीतच जायला हवेत, तुमच्याकडे कुणी लक्ष दिलेलं दिसत नाही. उद्याच ऑनलाइन अर्ज टाक. वडिलांच्या बाजूच्या कुणाची व्हॅलिडिटी आहे का, काकांना, आत्याला विचार. असेल तर प्रत जोड. शाळेच्या जुन्या निर्गम उताऱ्यावर आजोबांची जात लिहिलेली असते, तोही शोध.

सेतूवाला
बाई शेवटी कागदावर आल्या. नोंद करून ठेवतो. (हलके घ्या.)

खडूफळा
'बाळ' कुणी म्हटलं तिला, तीही नोंद करा.

बार्शीलाइट
काका, चटणीचं राहिलं.