पीएच.डी. केंद्राचं मूल्यमापन : बाहेरचे तज्ज्ञ नेमकं काय तपासतात?

औसारोड
लातूरच्या महाविद्यालयात तीन विषयांची संशोधन केंद्रं आहेत. नॅकच्या (महाविद्यालयाला दर्जा देणाऱ्या संस्थेच्या) तपासणीआधी आयक्यूएसी, म्हणजे महाविद्यालयाचा गुणवत्ता कक्ष, बाहेरचे तीन तज्ज्ञ बोलावणार आहे. आकडेवारीचे तक्ते तयार आहेत. त्यापलीकडे ते काय बघतात? आणि माणसं निवडताना काय पाळावं?

गोदाकाठ
तक्ते दहा मिनिटांत बाजूला पडतात. मग फाइली मागतात, त्याही स्वतः निवडलेल्या, आणि नोंदणीपासून वायवापर्यंतच्या (शेवटच्या तोंडी परीक्षेपर्यंतच्या) तारखा ओळीने लावून बघतात. यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) नवे नियम ७ नोव्हेंबर २०२२ चे. त्यानंतर नोंदणी झालेल्यांना कोर्सवर्क किमान १२ क्रेडिट, दर सत्राला आरएसीपुढे (संशोधन सल्लागार समितीपुढे) सादरीकरण, मुदत ३ ते ६ वर्षं, फेरनोंदणीने आणखी २. आधीच्यांना २०१६ चे किंवा २००९ चे नियम. सगळी यादी एकाच फूटपट्टीने मोजू नका. २०१६ च्या नियमांतल्या विद्यार्थ्याचा प्रबंधाआधीचा शोधनिबंध दाखवावाच लागतो. नव्या नियमांत यूजीसीची तशी सक्ती नाही.

खरा घोळ आरएसीच्या इतिवृत्तात असतो. सहा सत्रं, सहाही वेळा ‘प्रगती समाधानकारक’, सह्या एकाच पेनाच्या. हे कुणालाही कळतं. ‘नमुना १२० जणांवरून ८० का केला?’ असा एखादा आक्षेप आणि पुढच्या सत्रात त्याचं काय झालं, एवढं सापडलं तरी तज्ज्ञाचा विश्वास बसतो. राहिलेली इतिवृत्तं आता मागच्या तारखेने लिहू नका. उणीव आहे असं सरळ मांडा.

परभणी_ग्रंथालय
गाईडचा हिशोबही बघा. प्राध्यापकाकडे ८, सहयोगीकडे ६, सहायककडे ४ विद्यार्थी, परदेशी विद्यार्थी सोडले तर त्याहून जास्त नाहीत. निवृत्तीला ३ वर्षांहून कमी उरली असतील तर नवा विद्यार्थी घेता येत नाही. चूक होते ती अशी, की गाईडचे दुसऱ्या केंद्रातले विद्यार्थी महाविद्यालयाच्या यादीत येतच नाहीत. विद्यापीठाच्या पीएच.डी. विभागातून गाईडनिहाय यादी आणा.

तज्ज्ञांबाबत : ज्यांनी तुमचे प्रबंध तपासले किंवा तुमच्या गाईडसोबत शोधनिबंध लिहिले, ते नकोत. विषय लहान असेल तर नांदेड आणि छत्रपती संभाजीनगरचे लोक एकमेकांचेच परीक्षक निघतात, मग विदर्भ किंवा कर्नाटकाकडे बघा. तिघांपैकी दोघे तरी विषयातले हवेत. नॅकची पद्धत जाणणारा माणूस कागद नीट तपासेल, पण प्रबंधातलं विश्लेषण कच्चं आहे की पक्कं, हे त्याला सांगता येणार नाही. कागदपत्रं तीन आठवडे आधी पाठवा. सकाळी फाइल हातात देऊन दुपारी अहवाल मागितला तर चहापाण्याचाच अहवाल मिळेल.

औसारोड
आमचे बरेच विद्यार्थी अर्धवेळ आहेत, शाळेत शिक्षक. त्यांचं वेगळं काही?

गोदाकाठ
नोकरीच्या ठिकाणचं ना-हरकत पत्र बघतात. नुसती परवानगी पुरत नाही. संशोधनाला पुरेसा वेळ मिळेल आणि गरज पडली तर कोर्सवर्कसाठी मोकळं करू, हे दोन्ही त्यात लिहिलेलं लागतं. कोर्सवर्कची हजेरी आणि शाळेचा हजेरीपट एकाच दिवशी भरलेले असतील तर प्रश्न येणारच. विद्यार्थ्यांशी बोलणं होईल तेव्हा गाईडला खोलीबाहेर थांबवा, नाहीतर उत्तरं गाईडच देतो.