परभणीच्या उन्हात ग्राफिक्स कार्ड

गेमिंगसाठी पीसी घेणाऱ्याला सल्ला मिळतो, 'आधी व्हीआर हेडसेट (आभासी जग दाखवणारा, डोळ्यांवर लावायचा पडदा) घ्या, कॅबिनेट (पीसीची पेटी) आणि पंख्यांचं नंतर बघू'. हा सल्ला पुण्यात चालंल, आमच्या परभणीत नाही. मे महिन्यात इथं पारा ४४ अंशांवर जातो. ग्राफिक्स कार्ड (पीसीतला चित्रं तयार करणारा भाग) थंड करणारी हवा शेवटी खोलीतलीच. खोलीच ३८ वर असली तर पंखे कितीही मोठे लावा, कार्डावरच्या चिपचं तापमान त्याच्या खाली जाणार नाही. तापमान ८०-८५ च्या पुढं सरकलं की बहुतेक कार्डं स्वतःच वेग कमी करतात. साध्या गेममध्ये फ्रेम (पडद्यावर एकामागून एक येणारी चित्रं) गळल्या तर नुसती चिडचिड होते, व्हीआरमध्ये थेट मळमळ. ९० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ९० फ्रेम, एका फ्रेमसाठी जेमतेम ११ मिलिसेकंद मिळतात. म्हणून पैसे आधी हवा खेळती ठेवणाऱ्या कॅबिनेटवर घाला. (पीसी थेट कूलरसमोर ठेवणाऱ्यांना मात्र कोपरापासून नमस्कार. ती दमट हवा बोर्डाला मानवत नाही, भाऊ!)

दुसरा वाद एडिटरचा, म्हणजे कोड आणि मजकूर लिहायच्या प्रोग्रॅमचा: विम की ईमॅक्स? त्यात मी विमवाला. १९९१ पासून चालतंय, जुनाट लॅपटॉपवरही पळतं. फक्त मराठी लिहायचं म्हटलं की टर्मिनलच्या (नुसती अक्षरं दाखवणाऱ्या खिडकीच्या) ठरावीक चौकटींत जोडाक्षरं बऱ्याचदा मोडतात. तिथं ईमॅक्स बरा. २७ व्या आवृत्तीत हार्फबझ (अक्षरं जोडून नीट मांडणारं सॉफ्टवेअर) आल्यापासून देवनागरी नीट दिसते.