नायिका अजिंक्य झाली, आता कथेतला ताण कुठून आणायचा?

निळाकोल्हा:
१२ तासांच्या ॲक्शन आरपीजीची (पात्राची ताकद वाढवत न्यायचा मारधाडीचा व्हिडिओ गेम) कथा लिहितोय. कमाल लेव्हल ४०. साधारण सातव्या तासाला, लेव्हल २५ च्या आसपास, नायिकेला 'वादळ' ही शक्ती मिळते आणि तिथून गाडी रुळावरून घसरते. आधी साध्या शिपायाला ६ वार लागायचे, आता एकात आडवा. नवव्या तासाला सेनापती तिला पकडून कैदेत टाकतो, तो कटसीन आहे (खेळाडूने फक्त बघायचा प्रसंग). प्लेटेस्टमध्ये (खेळाडूंकडून घेतलेल्या चाचणीत) जवळपास सगळ्यांची तक्रार एकच: सेनापतीला आत्ताच २० सेकंदांत लोळवलं, मग त्याच्या चार शिपायांनी मला धरलंच कसं?

वादळ काढायचं नाहीये, खेळाडूंना तेच सगळ्यात आवडतंय. कथा बदलायची तयारी आहे. पण कैद हवीच, कारण भाऊ जिवंत असल्याचं तिला तिथेच कळतं. वाराने होणारं नुकसान (डॅमेज) काढायला ॲटॅक (माऱ्याची ताकद) वजा डिफेन्स (बचाव) असा साधा फॉर्म्युला आहे, वादळामुळे ॲटॅक १०० चा २०० होतो.

संवादपेटी:
तुमचे टेस्टर बरोबर बोलताहेत. खेळाडूने स्वतःच्या हाताने जे कमावलं ते कटसीनमध्ये काढून घेतलं की तो कथेवर रागावतो, खलनायकावर नाही. 'मास इफेक्ट ३' (२०१२) मधली थेसिया ग्रहावरची 'काय लेंग' या मारेकऱ्याशी फाइट आठवा. खेळाडू त्याला नमवतो आणि लगेच कटसीनमध्ये खेळाडूचंच पात्र, शेपर्ड, हरतं. इतक्या वर्षांनीही लोक त्या प्रसंगावर चिडतात, ते पराभवामुळे नाही. आधी जिंकवलं आणि मग ते मोजलंच नाही, म्हणून.

तुमच्या कथेत उपाय हाताशी आहे, फक्त क्रम उलटा करा. भावाची खबर कैदेत मिळण्याऐवजी कैदेआधी अर्धी मिळू दे: तुरुंगात त्याच्यासारखा कुणीतरी आहे, पण कोठडी कुठली ते ठाऊक नाही, आणि हल्ला झाला की पहारेकरी कैद्यांना मारून टाकतात. आता वादळ वापरून तुरुंग फोडणं तिला सहज शक्य आहे, आणि नेमकं तेच तिला परवडणारं नाही. ती स्वतःहून पकडली जाते. शक्ती जराही कमी झाली नाही, तरी ती कोठडीत पोहोचली.

हे कटसीनमध्ये दाखवू नका, खेळाडूच्या हातून करून घ्या. चौकात चार शिपाई, कंट्रोल चालू, वादळ भरलेलं. शस्त्र खाली ठेवण्यासाठी एक बटण दोनेक सेकंद दाबून धरायला लावा. तेवढ्या वेळात पहिला शिपाई जवळ येतो, दुसरा बेड्या काढतो. बटण सोडलं तर ती पुन्हा सरळ उभी राहते. नऊ तास ज्या बोटांनी सगळ्यांना झोडपलं, त्याच बोटांना इथे आवरायचं आहे. दहा मिनिटांच्या संवादाने हे साधणार नाही.

आता मूळ प्रश्न. नायिका वाचेल का, यावर ताण उभा असेल तर ती अजिंक्य झाली त्या क्षणी तो संपला. म्हणून तिची मूठ पोहोचत नाही अशा जागी तो न्या. 'सुपरमॅन रिटर्न्स'च्या गेममध्ये (२००६) हेल्थ बार (उरलेला जीव दाखवणारी पट्टी) नायकाचा नव्हताच, मेट्रोपोलिस शहराचा होता. गेम फारसा जमला नाही, पण ती कल्पना अस्सल आहे. 'डिसऑनर्ड'मध्ये (२०१२) नायक कॉर्व्होला माणसं मारणं अवघड नाही, पण जितकी मारावीत तितके शहरात उंदीर आणि रोगी वाढतात, शेवटही काळवंडतो. 'शॅडो ऑफ द कोलोसस' (२००५) मध्ये नायक वाँडरची ताकद वाढत जाते आणि प्रत्येक महाकाय प्राण्याच्या वधानंतर त्याचा चेहरा, कपडे मलूल होत जातात. कुणी काही बोलून दाखवत नाही, दिसतं. वादळाची अशी काहीतरी किंमत तुमच्याकडे आहे का? शेतं उद्ध्वस्त होतात, पक्षी परत येत नाहीत, काहीही चालेल. पण ती आकड्यात नको, जगात दिसायला हवी.

आकडेमोड:
कथेचं वर आलंच आहे, पण निम्मा घोळ फॉर्म्युल्यात आहे. वजाबाकीत काय होतं बघा. शिपायाचा डिफेन्स ८०, एचपी (जीव किती उरला त्याचा आकडा) १२० धरू. ॲटॅक १०० असताना डॅमेज २०, म्हणजे ६ वार. ॲटॅक २०० झाला की डॅमेज १२०, म्हणजे १ वार. ॲटॅक दुप्पट, परिणाम सहापट. तुम्ही ठरवलेली शक्ती आणि खेळाडूला मिळालेली शक्ती या दोन वेगळ्या गोष्टी झाल्या.

त्याऐवजी ॲटॅक × १०० ÷ (१०० + डिफेन्स) असा फॉर्म्युला घ्या. डिफेन्स ८० ला १०० ॲटॅकचा डॅमेज सुमारे ५५.६ आणि २०० चा १११. दुप्पट ते दुप्पटच राहतं. मग एचपी दोन थरांत वाटा. साध्या शिपायाला ११० द्या: आधी २ वार, वादळानंतर १. पथकप्रमुखाला ३३० द्या: आधी ६, नंतर ३. एका फटक्यात लोळवायची मजा गर्दीत शिल्लक राहते आणि पथकप्रमुख समोर आला की खेळाडू सावध होतो.

स्किल ट्रीही (लेव्हल वाढताना निवडायच्या कौशल्यांची यादी) तपासा. २०% चे पाच बोनस एकमेकांशी गुणले तर २.४९ पट होतात, बेरजेने घेतले तर २ पट. असे दहा बोनस असतील तर ६.१९ विरुद्ध ३. हा फरक उशिरा दिसतो आणि सातव्या-आठव्या तासाला अंगावर येतो.

शत्रूंना नायिकेबरोबर सरसकट वाढवू मात्र नका. 'ऑब्लिव्हियन'ने (२००६) ते केलं आणि पुढे साधे वाटमारेही ग्लासचं, म्हणजे गेममधलं उंची चिलखत घालून फिरू लागले. मग लेव्हल वाढल्याचा आनंद उरतच नाही.

तिसरा_अंक:
मी थोडा वेगळा विचार मांडतो. सातव्या तासाला वादळ का देता? 'हाफ-लाइफ २' (२००४) मध्ये सगळी हत्यारं काढून घेतली जातात आणि शेवटाकडे, सिटाडेल या शत्रूच्या बालेकिल्ल्यात, वस्तू उचलून फेकणारी ग्रॅव्हिटी गन एकदम प्रचंड ताकदवान होते. ती मजा थोडाच वेळ टिकायची असल्याने तिला बॅलन्स करत बसावं लागत नाही. तुमचं वादळ दहाव्या तासाला, कैदेतून सुटताना दिलं तर कैदेचा प्रश्नच मिटतो.

संवादपेटी:
@तिसरा_अंक हे चालेल, पण शक्ती असूनही हात बांधलेले असण्याची सगळी गंमत त्यात जाते. आणि हे खेळाडू सात तास त्याच शक्तीची वाट बघताहेत.

एक मात्र कुणी सुचवलं तरी करू नका: वादळ मध्येच हिरावून घेणं. 'सिम्फनी ऑफ द नाइट' (१९९७) मध्ये 'मृत्यू' हे पात्र नायक अलुकार्डची हत्यारं काढून घेतं, 'मेट्रॉइड प्राइम' (२००२) मध्ये नायिका सॅमसचे अपग्रेड (वाढीव शक्ती) जातात. दोन्हीकडे ते अगदी सुरुवातीला होतं. ती ताकद खेळाडूने कमावलेलीच नसते, पुढे काय मिळेल याचा तो नमुना असतो. सात तास खपून मिळवलेली गोष्ट तशी काढता येत नाही.

निळाकोल्हा:
बटण दाबून धरायची कल्पना लगेच घेतोय. दोन शंका. चौकात कुणी शरण न जाता वादळ सोडलंच तर? आणि सेनापतीच्या फाइटमध्ये ५०% आणि २५% वर छोटे सीन आहेत, वादळाने मारलं की दोन्ही एकदम सुरू होतात आणि कॅमेरा अडकतो.

संवादपेटी:
पहिल्यासाठी: त्याला जिंकू द्या, पण दखल घ्या. चारही शिपाई पडले, तुरुंगात घंटा वाजली, कैदी हलवले गेले. भाऊ जिवंत असल्याचं रिकाम्या कोठडीत त्याने भिंतीवर कोरलेल्या खुणेवरून कळतं. एक खोली आणि पाचेक मिनिटांचा मजकूर एवढाच जास्तीचा खर्च. 'सेकिरो' (२०१९) मध्ये गेनिचिरो या शत्रूला सुरुवातीलाच हरवलं तर सीन बदलतो, एक निन्जा मध्ये पडतो म्हणून नायकाचा हात जातो. शेवट तोच, पण खेळाडू जिंकला होता हे गेमने मान्य केलं.

एनपीसींच्या (खेळाडू चालवत नाही अशा पात्रांच्या) तोंडच्या ओळीही या दोन वाटांप्रमाणे बदला. अट जितकी नेमकी तितका ओळीचा अग्रक्रम वर: 'नायिका शरण गेली + बोलणारा तुरुंगाधिकारी' ही ओळ 'बोलणारा तुरुंगाधिकारी'च्या आधी तपासली जावी. वादळवालीला ओळखून एक पहारेकरी दोन पावलं मागे सरकला तर तेवढ्यानेही कैद खरी वाटते.

आकडेमोड:
दुसरी शंका. सेनापतीचा एचपी २००० असेल आणि एका वारात १६०० गेले, तर उरले ४००. १००० आणि ५०० हे दोन्ही टप्पे एकाच फ्रेममध्ये ओलांडले, म्हणून दोन्ही सीन सुटले. डॅमेज लावतानाच पुढच्या टप्प्यावर अडवा: पहिल्या वारानंतर एचपी १००० वरच थांबेल, उरलेलं डॅमेज टाकून द्या. तिथे १.५ सेकंद त्याला काहीच लागू नये, तेवढ्यात तो गुडघ्यावर येऊन उठतो. खेळाडूला वार वाया गेल्यासारखं वाटू नये म्हणून त्याचं चिलखत फुटलेलं दाखवा. पुढचा टप्पा पुढच्या वाराला.

याच जागी आणखी दोन बग हमखास निघतात. विष लावलेलं असेल तर सीन चालू असताना त्याचे टिक्स (ठरावीक वेळाने होणारं थोडं थोडं डॅमेज) पडत राहतात आणि सेनापती बोलता बोलता मरतो. सीन सुरू होताच टिक्सचा टायमर थांबवा, संपल्यावर तिथूनच चालू करा. दुसरं, नायिका हवेत असताना टप्पा आला तर ती तिथेच गोठते. जमिनीला पाय लागेपर्यंत सीन रांगेत ठेवा, आणि ती खड्ड्यात पडत असेल तर जास्तीत जास्त २ सेकंद थांबून तिला रिंगणाच्या मध्यभागी आणा. टेस्ट करताना विष लावून, उडी मारून, हवेतूनच वादळ सोडा. तिन्ही गोष्टी एकाच वेळी तपासल्या जातील.