टाय: क्लिपचा की गाठीचा?

रिसेप्शनसाठी बारा वर्षांच्या मुलाला क्लिपचा टाय घ्यावा की गाठ शिकवावी, असं एका पालकांनी विचारलंय. शिकवाच, पण चार दिवस आधी. कार्यालयात निघताना शिकवायला गेलात तर शेवटी तुम्हीच बांधून द्याल.

समोर उभं राहून दाखवू नका, डावं-उजवं उलटं दिसतं. त्याच्या मागे उभं राहून दोघांनी आरशात बघायचं. रुंद टोक उजवीकडे, अरुंद टोकापेक्षा साधारण ३० सेंमी खाली. रुंद टोक अरुंदावरून डावीकडे, खालून परत उजवीकडे, पुन्हा वरून डावीकडे, मग गळ्याशी खालून वर काढून पुढे तयार झालेल्या पट्टीतून खाली. अरुंद टोक धरून गाठ वर सरकवायची. रुंद टोक पट्ट्याच्या बकलापर्यंत यायला हवं. आखूड झाला तर ओढाताण नको, सोडून पुन्हा, रुंद टोक थोडं जास्त खाली ठेवून. ही दुरुस्ती त्यालाच करू द्या, हात शिवशिवले तरी!

मोठ्यांचा टाय सुमारे १५० सेंमी असतो, मुलाला लोंबणारच. उरलेलं अरुंद टोक शर्टात खोचा.

काढतानाही गाठ उलट क्रमाने सोडायची. अरुंद टोक खस्सकन ओढलं की विणीला तिरपं कापलेलं कापड ताणतं, पिळतं.

नव्या कोटाच्या मागच्या चिरेवरचा फुलीचा टाका मात्र आठवणीने उसवा, बरेच मोठेही तसेच मिरवतात. दोन बटणांपैकी खालचं उघडंच, बसताना दोन्ही.