जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांचे चढलेले भाव : तुमची गाडी कुठे गेली? अनुभव सांगा

निळा_टँक :
काल संध्याकाळी शेजारच्या बिल्डिंगमधला एक मुलगा यामाहाची आरएक्स हंड्रेड मोटरसायकल घेऊन आला. आधी आवाज आला आणि मी चहा तसाच ठेवून खाली. १९८९ चं मॉडेल, टाकी चकाचक, बाजूच्या पट्ट्या जशाच्या तशा. सहज विचारलं केवढ्याला पडली, तर म्हणे एक लाख साठ हजार, शिवाय ट्रान्सफरचा खर्च वेगळा.

आमच्या दादाची अशीच होती. २००४ मध्ये ताईच्या लग्नाच्या वेळी अठरा हजाराला दिली, आणि तेव्हा सगळे म्हणाले की चांगला भाव आला. कारण तेव्हा पेट्रोलसोबत ऑइलही जाळणारी टू-स्ट्रोक कुणाला नको होती, पेट्रोल खाते, धूर सोडते, सगळ्यांना होंडाचं ॲव्हरेज हवं होतं. ज्यांनी चालवली नाही त्यांच्यासाठी : ९८ सीसीचं इंजिन, ११ बीएचपी ताकद, वजन जेमतेम शंभर किलोच्या आसपास. कागदावर आज किरकोळ वाटतं पण सिग्नल सुटल्यावर पहिल्या दोन गिअरमध्ये जे व्हायचं ते चालवलेल्यालाच माहीत. १९८५ ते ९६ एवढाच काळ ती निघाली आणि आपल्याकडच्या साध्या नोकरदार माणसाची ती एकमेव स्पोर्ट्स गाडी होती असं मी म्हणेन.

भाव वाढले हे मला मनापासून चांगलं वाटतं, नाहीतर सगळ्या भंगारात गेल्या असत्या. पण पहिल्या पगारात जी गाडी घेता यायची ती आता पहिल्या पगाराच्या पोराला परवडत नाही, हे काही डोक्यातून जात नाहीये. तुमच्याकडे कुठली होती, केवढ्याला गेली, आता काय भाव ऐकता, लिहा.

घाटमाथा :
आमची पण गेली. काळी. एवढंच लिहितो, सविस्तर रात्री.

बारातेराचा_पाना :
गॅरेज आहे माझं, जेवणाच्या सुट्टीत लिहितोय, टायपिंग समजून घ्या. दादा, अर्धा भाव गाडीचा आणि अर्धा कागदाचा असतो हे आधी लक्षात घ्या. माझ्याकडे एकसारख्या दिसणाऱ्या दोन गाड्या आल्या तर एक चाळीस हजाराला पण कुणी घेत नाही आणि दुसरीला लाखाच्या वर गिऱ्हाईक उभं, फरक एवढाच की दुसरीचं आरसी बुक चालू, इंजिन नंबर आणि चेसिस म्हणजे सांगाड्याचा नंबर बुकाशी जुळणारा आणि मालक एकच. घ्यायला जाताना खिशात कागद आणि पेन्सिल ठेवा, हँडलखालच्या नळीवर चेसिस नंबर पंच केलेला असतो त्यावर कागद धरून पेन्सिल घासा, ठसा येतो, आरटीओवाले पण हेच करतात. आकडे वेडेवाकडे किंवा आजूबाजूला घासल्याची खूण दिसली तर गाडी कितीही देखणी असो उठून यायचं. चोरीची निघाली तर पैसे पण जाणार आणि गाडी पण.

दुसरं म्हणजे सुरुवातीच्या गाड्या जपानहून सुट्या भागांत येऊन इथे जुळवल्या होत्या, त्यातला जपानी शिक्क्याचा माल अजून कुणाकडे असेल तर लोक त्याच्यासाठी रांगा लावतात. मिकुनी कंपनीचा जुना कार्ब्युरेटर, म्हणजे इंजिनला पेट्रोल आणि हवा मिसळून देणारा भाग, भंगारवाल्याकडे किलोवर जायचा, आता नुसता त्याचा भाव ऐकून माणूस गप्प होतो. आणि रंग बघून भुलू नका. पेंटिंग हे सगळ्यात स्वस्त काम आहे. क्रँक (इंजिनातला फिरणारा दांडा) आणि बोअर (सिलेंडरची आतली पोकळी) चांगले आहेत का आणि चेसिस सरळ आहे का हे बघा, बाकी सगळं मिळतं. गिऱ्हाईक आलं, बाकीचं नंतर.

शेवंती :
पाना दादा तुम्ही लिहा हो अजून, माझ्या यजमानांना वाचून दाखवते आहे.

आमच्या हॉलमध्ये राजदूत साडेतीनशे उभी आहे. हो हॉलमध्येच, टीव्हीच्या बाजूला. यामाहाची आरडी ३५०, आपल्याकडे राजदूत नावाने यायची. ३४७ सीसी, दोन सिलेंडर, हाय टॉर्कची आहे म्हणजे साडेतीस बीएचपीची, नंतर सत्तावीसची लो टॉर्क आली. मला हे सगळं लग्नानंतर पाठ झालं. १९८३ साली ही गाडी आली तेव्हा एवढ्या ताकदीचं दुसरं काही आपल्या रस्त्यावर नव्हतं आणि किंमत, पेट्रोल दोन्ही लोकांना झेपलं नाही म्हणून खपली नाही फार, हे सासरे सांगायचे. ती त्यांचीच. ते गेल्यावर दोन-तीन जण येऊन गेले घरी, एकाने पाच लाख सांगितले, सरळ टेबलावर चेकबुक काढून. मुलीच्या इंजिनिअरिंगची फी भरायची होती त्याच वर्षी, तरी मीच नाही म्हटलं. यजमान माझ्याकडे बघतच राहिले. फीचं झालं काय ते कर्ज काढून. पण त्या गाडीवरून सासूबाई पहिल्यांदा महाबळेश्वरला गेल्या होत्या आणि त्या अजून आहेत घरात, त्यांच्यासमोरून ती गाडी दुसऱ्याने नेलेली मला बघवली नसती.

भाकरी थापायची आहे, येते नंतर.

राधानगरीचा_पाऊस :
शेवंती वहिनी तुमास्नी सलाम. पाच लाख नाकारायला काळीज लागतंय.

आमच्याकडं यझदी रोडकिंग मोटरसायकल. कोल्हापूर साईडला ह्या गाडीचा नाद काय असतोय ते भाईरच्याला कळायचं न्हाई. किक आनि गिअरचा दांडा एकच, किक मारायची, मग तोच दांडा पुढं ढकलायचा की झाला गिअरचा. नवीन पोराला चालवायला दिली की बिचारा गिअर शोधत बसतोय. आमच्या आण्णांनी ऊस घालायच्या कामाला वापरली, फडात न्यायची, डबा न्यायचा, दोन पोती खत मागं बांधायचं. कुनी म्हटलं असतं की ह्याचं पुढं लाख रुपय येत्याल तर आण्णांनी त्याला येड्यात काढलं असतं. यझदीचा म्हैसूरचा कारखाना १९९६ ला बंद झाला तवा आमच्याकडच्या मेस्त्रींनी गावोगाव फिरून पार्ट गोळा करून ठेवले, त्यांच्यामुळं ह्या गाड्या जगल्या. भाव वाढला ह्यात पयला मान त्या मेस्त्री लोकांचा, ज्यांनी धा-पंधरा वर्सं कोन इचारत नसताना क्लचप्लेटा सांभाळल्या.

अर्धा_कप :
मी तर किनेटिक होंडावाली! तिला कोणी लाख देतंय का? सेल्फ स्टार्ट, गिअर नाही, साडी नेसून आरामात ऑफिसला जायचे मी.

शेवंती :
@अर्धा_कप अगं कोणत्या रंगाची? माझ्या बहिणीची पांढरी होती!

अर्धा_कप :
मरून!! आणि पुढे पाय ठेवायच्या जागेत भाजीची पिशवी, तिच्यावर मुलगा उभा. आता आठवलं की भीती वाटते पण तेव्हा सगळेच असे जायचे.

थेम्सकाठी :
इकडे ब्रिटनमध्ये हेच चारचाकीत बघतोय म्हणून लिहितो. माझ्याकडे एमजीबी आहे, दोन सीटची उघडी गाडी, १९६२ ते ८० अशी निघाली आणि सगळे प्रकार धरून पाच लाखांच्या वर गाड्या बनल्या. मी घेतली तेव्हा निवृत्त शिक्षक, पोस्टमन असे लोक ही गाडी बाळगायचे. तिचे भाव वाढले पण आटोक्यात राहिले आणि त्याचं कारण मला फार महत्त्वाचं वाटतं : तिचे सगळे पार्ट आजही नवीन मिळतात. १९८८ पासून तर मूळ साच्यांवर आख्खी बॉडी नवीन करून मिळते. शिवाय इथे चाळीस वर्षं जुन्या गाडीला रोड टॅक्स माफ होतो, ठरावीक अटींवर वार्षिक तपासणीतूनही सूट मिळते. त्यामुळे साधा माणूस ती ठेवू शकतो.

उलट माझदाची एमएक्स-५ बघा. १९८९ ची पहिली, दिवे वर उघडणारी. कितीतरी वर्षं ती कुणीही घ्यावी अशी स्वस्त होती, म्हणून लोकांनी हाल केले, हिवाळ्यात रस्त्यावरच्या मिठाने दाराखालच्या पट्ट्या गंजल्या आणि कितीतरी तोडल्या गेल्या. आता चांगल्या राहिलेल्या थोड्या, आणि ज्यांनी लहानपणी तिचे फोटो भिंतीला लावले ते चाळिशी-पन्नाशीत पोचले, हातात पैसा आला. भाव वर जायला आणखी काय लागतं? आरएक्सचं अगदी हेच झालंय. जी गाडी स्वस्त असते ती कुणी जपत नाही, आणि म्हणूनच पुढे ती मिळेनाशी होते.

घाटमाथा :
थेम्सकाठी, पटलं. आमची काळी आरएक्स मी इंजिनिअरिंगला असताना चोरीला गेली, कॉलेजच्या गेटसमोरून. आठ दिवस पोलीस चौकीत खेपा. तेव्हा सोनसाखळी चोरांना हीच गाडी लागायची, हलकी आणि पिकअप जबरदस्त, त्यामुळे बाजारात आरएक्स चालवणाऱ्याकडे आधी संशयाने बघायचे. आता तीच गाडी लग्नाच्या वरातीत नवरदेवाला देतात. मागच्या वर्षी भाच्यासाठी एक बघायला गेलो होतो, एक लाख दहा म्हणाला, मी नुसती किक मारली आणि बाजूला जाऊन उभा राहिलो. भाच्याला कळेना मामाला काय झालं.

नियमावली :
दोन गोष्टी, कारण खूप जण नुसता भाव बघून उडी मारतात. १५ वर्षांनी नोंदणी नूतनीकरण करावं लागतं आणि मग दर पाच वर्षांनी, त्यात पर्यावरण कर वेगळा. एप्रिल २०२२ पासून दुचाकीची नूतनीकरण फी तीनशेवरून हजार झाली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांपेक्षा जुन्या दुचाकीला दोन हजार, मोटारीला दहा हजार केली. एप्रिल २०१९ आधीच्या सगळ्या गाड्यांना हाय सिक्युरिटी नंबर प्लेट पण लागते.

दुसरं, "व्हिंटेज" शब्द लावून गाड्या विकतात त्याला भुलू नका. २०२१ च्या केंद्राच्या नियमात व्हिंटेज म्हणजे पन्नास वर्षांपेक्षा जुनी आणि मूळ स्वरूपात असलेली. तिला व्हीए अक्षरांची वेगळी मालिका मिळते, नव्या नोंदणीची फी वीस हजार आणि ती रोज रस्त्यावर चालवता येत नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यालाच. म्हणजे सगळ्यात पहिली आरएक्स हंड्रेड सुद्धा २०३५ च्या आधी व्हिंटेज होत नाही. आणि व्हिंटेज म्हणून नोंदवली की चालवायची बंधनं येतील, हा विचार पण करून ठेवा.

हळद_कुंकू :
माझा वेगळा अनुभव, कुणाला आवडणार नाही कदाचित. आमच्या गल्लीत तीन मुलांकडे या गाड्या आहेत आणि सायलेन्सर कापून रात्री अकराला फिरवतात. बाबांना हार्टचा त्रास आहे, दचकून उठतात. जुनी गाडी जपा, पण मूळ सायलेन्सर सकट जपा ना.

बारातेराचा_पाना :
हळद_कुंकू ताई एकदम बरोबर. मी सायलेन्सर कापून देत नाही, सरळ परत पाठवतो. आणि खरं सांगतो, टू-स्ट्रोकचा सायलेन्सर कापला की ताकद कमी होते. त्या नळीच्या फुगीर आकारातून दाब परत फिरतो आणि बाहेर निसटणारं मिश्रण सिलेंडरमध्ये ढकलतो, तिथेच तर तिचा सगळा पिकअप आहे. पोरांना आवाज मोठा झाला की गाडी पळते असं वाटतं. आतली जाळी काढून कार्बन साफ करा दर काही महिन्यांनी, तेवढ्याने गाडी मोकळी होते.

उंबरठा :
कुणाला कॉन्टेसा मोटार आठवते का? हिंदुस्थान मोटर्सची, १९८४ ला आली, २००२ ला बंद. आमच्या काकांकडे इसुझूच्या इंजिनची होती, लांबलचक बॉनेट, आम्ही मुलं त्याच्यावर बसून फोटो काढायचो. काकूंनी विकली कारण पार्किंगमध्ये मावत नव्हती. नंतर सॅन स्टॉर्म पण निघाली होती, फायबर बॉडीची दोन सीटची, आतमध्ये रेनॉचं छोटं इंजिन. खरीखुरी स्वस्त स्पोर्ट्स कार आपल्याकडे कुणीतरी करून बघितली एवढ्याचंच मला कौतुक. रस्त्यावर मी एकदाच बघितली आहे आणि तिच्यामागे स्कूटर घेऊन पार पुलापर्यंत गेलो होतो.

राधानगरीचा_पाऊस :
उंबरठा भावा, कॉन्टेसा म्हंजे आमच्याकडं साखर कारखान्याच्या चेअरमनची गाडी! ती आली की पोरं रस्त्याकडंला हुबी.

जुनं_कपाट :
पहिल्यांदाच लिहिते आहे. वडील मार्चमध्ये गेले. त्यांची आरएक्स १९९३ ची गावच्या घरात झाकून ठेवलेली आहे, कागद सगळे आहेत, नोंदणी २०२३ ला संपली. गावातले एक जण रोज फोन करतात, साठ हजार देतो म्हणतात आणि "वारसाच्या नावावर होत नाही, मलाच द्या" असं सांगतात. आईला काही कळत नाही. मला विकायची नाहीये. खरंच नावावर होत नाही का?

नियमावली :
होतं, अगदी नक्की होतं. मालक वारल्यावर फॉर्म ३१ भरायचा असतो. मृत्यूचा दाखला, वारस असल्याचा पुरावा आणि बाकीच्या वारसांची ना हरकत लागते. नियमात मृत्यूनंतर तीस दिवसांत कळवायचं आणि तीन महिन्यांत अर्ज करायचा असं आहे, उशीर झाला असेल तर दंड लागेल पण काम अडत नाही. आधी नावावर करून घ्यायचं की नूतनीकरण, हे तुमच्या आरटीओत विचारा, गाडी दाखवायला न्यावी लागेलच. आणि त्या गृहस्थांना कागदाचा फोटो सुद्धा पाठवू नका. तुमच्या वडिलांबद्दल वाईट वाटलं.

शेवंती :
बाळा, अजिबात देऊ नकोस. आणि आईला सांग, कुणी आलं तर मुलगी आल्यावर बोला म्हणायचं.

बारातेराचा_पाना :
ताई, गाडी इतके दिवस उभी आहे तर कुणाला किक मारू देऊ नका आत्ता. आधी टाकीतलं जुनं पेट्रोल पूर्ण काढा, कार्ब्युरेटर उघडून साफ करा, स्पार्क प्लग काढून त्या भोकातून थोडं टू-टी (टू-स्ट्रोकचं) ऑइल सोडा आणि इंजिन हाताने हळूहळू फिरवा. सीटखालच्या ऑइलच्या टाकीत ऑइल आहे का आणि पंपापर्यंत हवा अडकली नाही ना ते बघूनच सुरू करायचं, नाहीतर पिस्टन जाम होतो. गाव कुठलं ते जिल्ह्यापुरतं सांगा, जवळचा जुना मेस्त्री बघून देतो.

जुनं_कपाट :
सांगली जिल्हा. दादा, टाकीच्या आत गंज आहे बहुतेक, झाकण उघडल्यावर तांबडं दिसतं. टाकी बदलावी लागेल का?

राधानगरीचा_पाऊस :
बदलू नका! मूळ टाकी हाय ती. आतनं साफ करून मिळती, मिरजेत माझ्या वळखीचं एक जण करत्यात, पत्ता खाजगीत पाठवतो.