तिसरीतल्या मुलाचा दुपारचा मोबाइल कसा कमी करावा?

नमस्कार. माझा मुलगा आठ वर्षांचा असून तिसरीत शिकतो. आम्ही दोघेही नोकरी करतो, त्यामुळे दुपारी दोनला शाळेतून आल्यापासून मी सहा वाजता घरी पोहोचेपर्यंत तो सासूबाईंजवळ असतो. त्या चार तासांत त्याच्या हातात घरातला जुना मोबाइल असतो हे मला ठाऊक होते. पण दिवाळीच्या सुट्टीनंतर फोनमधली नोंद उघडून पाहिली, तेव्हा एका दिवसाचा वापर ३ तास ४० मिनिटे निघाला, आणि त्यातला बहुतेक वेळ यूट्यूबवरचे शॉर्ट्स सरकवण्यात गेला होता. पाच ते दहा वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला दोन तासांपेक्षा कमी, असे इंडियन अॅकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे सांगणे आहे.

फोन काढून घेतला की तो आदळआपट करतो, पण थोड्या वेळाने शांतही होतो. मला खरी काळजी वेगळ्याच गोष्टीची वाटते. रात्री झोपताना गोष्ट ऐकण्याची त्याला फार आवड होती. आता गोष्ट निम्म्यावर येण्याआधीच तो ‘शेवट सांग ना’ म्हणतो आणि कूस बदलतो.

पासवर्ड घातला, तर आजीच्या बोटांकडे बघून त्याने तो पाठ केला. फॅमिली लिंक हे मुलांच्या फोनवर लक्ष ठेवण्याचे गूगलचे अॅप लावून मर्यादा एक तासावर आणली. तो फोन वेळेवर बंद होतो, मग तो आजीचा मागतो. आजीचा फोन बंद ठेवता येत नाही, कारण शाळेचा गृहपाठ वर्गाच्या व्हॉट्सअॅप गटावर येतो आणि तो दुपारीच उतरवून घ्यावा लागतो. सासूबाईंना दोष द्यावा असे मला मुळीच वाटत नाही. गुडघ्यांमुळे त्यांना जिने उतरवत नाहीत, आणि रस्त्यावरच्या रहदारीत त्याला एकट्याला खाली सोडण्याचा धीर त्यांना होत नाही.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव येथे 2022 पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास घरोघरी टीव्ही, मोबाइल बंद ठेवले जातात. तिथे मोठी माणसेही फोन बाजूला ठेवतात, म्हणूनच ते जमले असावे असे मला वाटते, आणि त्यावरून आम्ही दोघांनी रात्री जेवताना फोन कपाटात ठेवायला सुरुवात केली आहे. दुपारचा प्रश्न मात्र तसाच आहे.

ज्यांच्या घरी मूल दुपारी आजी-आजोबांजवळ असते, त्यांनी कृपया अनुभव सांगावा. घरातल्या घरात, आजीला फार उठबस न करावी लागता, या वयाचे मूल कशात रमते? वापर हळूहळू कमी केला की एकदम बंद केला? गृहपाठ वहीतच लिहून द्यावा अशी विनंती कोणी वर्गशिक्षकांना केली आहे का, आणि ती करताना इतर पालकांना सोबत घेतले होते का? येत्या शनिवारी पालकसभा आहे; त्याआधी उत्तर मिळाले तर हा विषय तिथे नीट मांडता येईल.