मदत हवी आहे: सोडवलेला बग (सॉफ्टवेअरमधली चूक) पुन्हा शोधता यावा म्हणून नोंदी कशा ठेवता?

मंडळी, आमच्या टीमचे बग गिटहबच्या (कोड ठेवायच्या साइटच्या) इश्यूजमध्ये, म्हणजे तिथल्या तक्रार-नोंदींमध्ये असतात. शीर्षकं मात्र 'लॉगिन चालत नाही', 'अर्जंट!!' असली. तोच बग परत आला की मागे तो कसा सुटला होता हे शोधण्यात अर्धा दिवस जातो. कमिटच्या (कोडमधल्या बदलाच्या नोंदीच्या) मेसेजमध्ये 'फिक्सेस' आणि इश्यूचा नंबर लिहिला की तो बदल मुख्य ब्रँचमध्ये (कोडच्या मुख्य प्रतीत) मर्ज होताच इश्यू बंद होतो, कोडचा दुवाही राहतो. एवढं सुरू केलंय. पण मूळ कारण कुठे लिहायचं? बगझिला या बग नोंदवायच्या सॉफ्टवेअरमध्ये 'डुप्लिकेट' (आधीच नोंदलेला), 'वोंटफिक्स' (दुरुस्त करणार नाही) असे निकाल वेगळे नोंदवता येतात, तसं कोणी लेबलांनी जमवलंय का? (आमच्याकडे 'बग', 'बग्ज' आणि 'एरर' ही तिन्ही लेबलं आत्ताच सुखाने नांदतायत!) शीर्षकात एरर मेसेज जसाच्या तसा टाकायची सक्ती केली तर टेस्टर ऐकतात का?